रांग आणि साठा : कर्नलमधील मेमरी-वाटपाची साठ वर्षे

थ्रेड.

१/२०
संगणकाच्या इतिहासात वेगाचे पोवाडे पुष्कळ गायले गेले. काटकसरीची नोंद मात्र क्वचितच झाली. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. हा कर्नल स्वतःच्या कामासाठी जी मेमरी घेतो, ती वापरणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. यंत्रात एकाच्या जागी अनेक प्रोसेसर आले, तेव्हा ही मेमरी त्यांच्यात वाटायची कशी, आणि वाटपाच्या सोयीसाठी किती मेमरी नुसती अडवून ठेवायची, हा पेच उभा राहिला. तो सोडवण्याची खटपट मुख्यतः अमेरिकेत झाली. पण त्या कथेत पवईचे एक पाठ्यपुस्तक आणि पुण्यातील एका कंपनीचे नावही येते.

२/२०
मेमरीची टंचाई मुंबईला नवी नव्हती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत अवघे २,०४८ शब्द मावत, आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. १९६४ मध्ये त्याच संस्थेत ‘सीडीसी ३६००’ आला. त्याची क्षमता ३२,७६८ शब्दांची. देशभरातील संशोधकांची गणिते या एका यंत्रावर सोडवली जात. स्मृतीतील एकेक शब्द जपून वापरणे ही त्या पिढीच्या दृष्टीने हौस नव्हती. त्यावाचून कार्यक्रम यंत्रात मावतच नसे.

३/२०
पुढे संगणकाचा वावर उपनगरांत वाढला. पवईची आयआयटी १९५८ मध्ये सुरू झाली होती. सोव्हिएत साहाय्यातून तेथे १९६० च्या दशकातच ‘मिन्स्क’ संगणक आला. १९७३ मध्ये अंधेरी पूर्वेला ‘सीप्झ’ हे निर्यातक्षेत्र स्थापन झाले आणि त्याच दशकाच्या अखेरीस टाटा-बरोज कंपनीने तेथे सॉफ्टवेअर निर्यातीचे काम मांडले. १९८५ मध्ये जुहूला ‘एनसीएसटी’ ही संस्था उभी राहिली आणि ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याच्या जडणघडणीत तिने मोठा वाटा उचलला. या काळातील बहुतेक यंत्रांत कामाचा प्रोसेसर एकच असे. मेमरी थोडी होती. पण ती मागणाराही एका वेळी एकच होता.

४/२०
एकच मागणारा असताना प्रश्न फक्त तुकडे पाडण्याचा असतो. १९६५ मध्ये केनेथ नोल्टन यांनी ‘बडी’ म्हणजे जोडीदार पद्धत प्रसिद्ध केली. मोठा तुकडा निम्मा करायचा, त्याचा अर्धा पुन्हा निम्मा करायचा, आणि मागणीला पुरेल असा सर्वांत लहान तुकडा द्यायचा. तो परत आला आणि त्याचा जोडीदारही मोकळा असला, की दोघांना जोडून मूळ तुकडा पुन्हा तयार करायचा. कागदाची घडी घालावी आणि उलगडावी तशी ही रीत. आजही लिनक्समध्ये मेमरीची पाने याच तत्त्वाने वाटली जातात.

५/२०
बर्कलीच्या युनिक्समध्ये कर्नलच्या प्रत्येक विभागाची वाटपाची तऱ्हा वेगळी होती. १९८८ मध्ये मॅक्युसिक आणि केरेल्स यांनी त्या सर्वांसाठी एक सामाईक व्यवस्था मांडली. लहान मागण्या दोनाच्या घातांमध्ये गोळा करायच्या : ६४, १२८, २५६ बाइट. प्रत्येक मापाची मोकळ्या तुकड्यांची यादी तयारच असल्याने वाटप अत्यंत जलद होई. त्याची किंमतही होती. १३० बाइट मागणाऱ्याला २५६ बाइट मिळत आणि उरलेले १२६ बाइट कोणाच्याही उपयोगी पडत नसत. वेग हवा तर काही मेमरी वाया जाऊ द्यावी लागते, हा सौदा येथेच स्पष्ट झाला.

६/२०
त्याच दशकात ओरेगन राज्यात सीक्वेंट नावाची कंपनी निघाली. अनेक साधे प्रोसेसर एकाच मेमरीवर जोडून मोठे यंत्र उभारायचे, हा तिचा व्यवसाय. तिच्या ‘सिमेट्री’ यंत्रात ३० पर्यंत प्रोसेसर बसत. मोकळ्या तुकड्यांची यादी मात्र एकच होती. दोन प्रोसेसरांनी एकाच क्षणी तिच्यात हात घातला तर ती बिघडणार, म्हणून तिला कुलूप आले. ज्याच्या हाती किल्ली तो तुकडा घेणार, इतरांनी ताटकळायचे. प्रोसेसर वाढवले की काम वाढावे अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात रांग वाढत गेली.

७/२०
उपनगरी रेल्वेने अशाच पेचावर एक तोडगा काढला होता. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या अनेक प्रवाशांना तो आठवत असेल. तिकीट खिडकीवरची रांग टाळण्यासाठी कूपनांची पुस्तिका आधीच विकत घ्यायची, खिशात बाळगायची आणि गाडीत चढण्यापूर्वी स्थानकावरच्या सीव्हीएम यंत्रात भाड्याएवढी कूपने पंच करायची. खिडकीशी रोज उभे राहण्याची गरज उरत नसे. पुस्तिका संपली तेवढ्यापुरतेच तिकडे जायचे. एटीव्हीएम आणि मोबाइल तिकीट आल्यावर ही पद्धत मागे पडली. मात्र तिच्यातील हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे : रांग गेली, पण प्रत्येकाच्या खिशात न वापरलेली कूपने पडून राहू लागली.

८/२०
प्रोसेसरांच्या बाबतीत रांगेहूनही एक सूक्ष्म खर्च असतो. प्रत्येक प्रोसेसरजवळ ‘कॅश’ नावाची छोटी, अतिशय जलद मेमरी असते. कुलूप हेही शेवटी मेमरीतील एक मूल्यच. एका प्रोसेसरने ते बदलले की ते ज्या ओळीत आहे ती कॅशची ओळ त्याच्याकडे ओढली जाते. दुसऱ्याला कुलूप हवे असेल तर तीच ओळ त्याच्याकडे न्यावी लागते. समोर कोणी ताटकळत नसले तरी हा प्रवास टळत नाही, आणि जवळच्या कॅशमधून वाचण्यापेक्षा तो कितीतरी महाग पडतो. म्हणजे कुलूप अधिक चांगले घडवून भागणार नव्हते. ते वापरण्याचे प्रसंगच कमी करायला हवे होते.

९/२०
१९९३ मध्ये सीक्वेंटचे पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी यावरचे उत्तर युझेनिक्स परिषदेत मांडले. त्यांच्या व्यवस्थेत चार थर होते. सर्वांत वर प्रत्येक प्रोसेसरचा खासगी साठा. त्याखाली सर्वांचा सामाईक साठा. त्याखाली सुटे तुकडे जुळवून पूर्ण पाने करणारा थर. आणि तळाशी पाने जुळवून मोठे पट्टे करणारा थर. बहुतेक मागण्या पहिल्या थरातच भागत. तेथे दुसरा कोणी येतच नसल्याने कुलूप लागत नसे. आपल्याच कामात मध्येच व्यत्यय येऊ नये, एवढीच काळजी पुरेशी होती.

१०/२०
या रचनेतली खरी चतुराई खासगी साठ्याच्या मांडणीत होती. प्रत्येक प्रोसेसरला एका मापासाठी दोन याद्या दिलेल्या असत, एक चालू आणि एक राखीव. प्रत्येक यादीत ठरावीक संख्येपर्यंतच तुकडे राहत. चालू यादी संपली की राखीव पुढे येई. तीही संपली की सामाईक साठ्यातून एक अख्खी जुडी आणली जाई. यादी एकच असती तर काठावर उभा असलेला प्रोसेसर एक तुकडा घेताना आत आणि एक परत करताना बाहेर, अशा सतत येरझाऱ्या घालत राहिला असता. दोन याद्यांमुळे सामाईक साठ्याकडच्या दोन फेऱ्यांमध्ये किमान एका जुडीएवढे काम होईल, याची खात्री मिळाली.

११/२०
आता या सोयीचा खर्च पाहावा. समजा एक तुकडा १ किलोबाइटचा आहे आणि एका यादीत १० तुकडे मावतात. दोन याद्यांचे मिळून प्रत्येक प्रोसेसरकडे २० किलोबाइट अडकू शकतात. प्रोसेसर ४ असतील तर एकूण ८० किलोबाइट. त्याची फिकीर कोणी करणार नाही. प्रोसेसर १,००० झाले की हाच आकडा सुमारे २० मेगाबाइटवर जातो, तोही एकाच मापासाठी. मापे अनेक असतात. ही मेमरी हरवलेली नसते. ती कोणीतरी कधीतरी मागेल या आशेवर पडून असते. शेजारचा प्रोसेसर उपाशी असला तरी या खासगी साठ्याला त्याला हात लावता येत नाही.

१२/२०
१९९४ मध्ये सन कंपनीच्या जेफ बॉनविक यांनी ‘स्लॅब’ पद्धत मांडली. कर्नलला एकाच घडणीच्या वस्तू पुनःपुन्हा लागतात, मग प्रत्येक प्रकारासाठी वेगळी, आधीच सज्ज करून ठेवलेली फळी का असू नये, हा तिचा विचार. २००१ मध्ये बॉनविक आणि जोनाथन अ‍ॅडम्स यांनी तिला प्रोसेसरागणिक ‘मॅगझिन’ जोडले. हे नाव बंदुकीच्या काडतुसांच्या डब्यावरून घेतलेले होते. रिकामा डबा कोठीत द्यायचा आणि भरलेला घ्यायचा. डबा केवढा असावा हे आधीच कायमचे ठरवलेले नव्हते : कोठीच्या कुलपापाशी गर्दी दिसली तरच डबे मोठे होत. पडून राहणारा साठा प्रत्यक्ष गरजेला बांधण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होता.

१३/२०
हे सर्व ज्ञान संशोधन-निबंधांत अडकून राहिले असते, तर भारतातील सामान्य अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत ते उशिरा पोहोचले असते. पवईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांच्या ऑपरेटिंग सिस्टीमवरील पाठ्यपुस्तकात कर्नलच्या मेमरी-वाटपाला स्वतंत्र जागा मिळाली. मॅक्युसिक-केरेल्स, ‘लेझी बडी’ आणि ‘स्लॅब’ या तीन व्यवस्था तेथे एकमेकींशेजारी ठेवून तपासल्या आहेत. कर्नलच्या पोटातील हा रूक्ष वाटणारा हिशेब अभ्यासाचा विषय आहे, ही जाण अशा पुस्तकांनी रुजवली.

१४/२०
१९९९ मध्ये आयबीएमने सीक्वेंट विकत घेतली आणि तिची अभियांत्रिकी परंपरा लिनक्सच्या वाटेला लागली. मॅकेनी व स्लिंगवाइन यांनीच घडवलेले ‘आरसीयू’ हे तंत्र २००२ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आले. ते तेथे आणण्यात आयबीएमच्या भारतातील प्रयोगशाळेतील दीपांकर सरमा यांचे काम मोलाचे होते. या तंत्रात वाचणाऱ्याला कुलूप लागत नाही. जुनी प्रत लगेच मोडीत न काढता सर्वांचे वाचन संपेपर्यंत ती राखली जाते, आणि मोडीत काढायच्या प्रतींची यादी प्रत्येक प्रोसेसर आपल्यापाशी ठेवतो. येथेही तोच सौदा दिसतो : रांग नको, तर काही काळ साठा सांभाळा.

१५/२०
मोठ्या यंत्रांत आणखी एक अडचण होती. सगळी मेमरी सगळ्या प्रोसेसरांपासून सारख्या अंतरावर नसते. मुलुंड आणि बोरिवली नकाशावर शेजारी दिसतात. पण मध्ये राष्ट्रीय उद्यान असल्याने लोकलने जाणाऱ्याला दादर गाठून उलट यावे लागते. संगणकातही ‘नोड’ नावाच्या वस्त्या असतात आणि दुसऱ्या वस्तीतील मेमरी महाग पडते. २००५ मध्ये लिनक्सच्या स्लॅबला या अंतराचे भान दिले गेले. त्या फाइलच्या शिरोभागी चार नावे आहेत : शाय फुल्थाइम, शोभित दयाल, आलोक कटारिया आणि क्रिस्टोफ लॅमीटर. मधल्या दोन नावांपुढे कालसॉफ्ट कंपनीचा उल्लेख आहे, आणि या कंपनीचे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे.

१६/२०
या सुधारणेने मेमरी जवळची मिळू लागली. पण परत करताना प्रश्न आला. मुलुंडचा तुकडा बोरिवलीत मोकळा झाला, तर एकेकासाठी फेरी परवडत नाही. पुरेसे तुकडे जमेपर्यंत ते बोरिवलीतच वेगळ्या रांगेत ठेवावे लागतात. प्रत्येक वस्तीत इतर प्रत्येक वस्तीसाठी अशी रांग. वस्त्या ४ असतील तर रांगा १२. वस्त्या १,००० झाल्या तर ९,९९,०००, त्याही वस्तूच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळ्या. तेव्हा एसजीआय कंपनीत असलेल्या लॅमीटर यांनी २००७ मध्ये सांगितले, की हजारभर नोड वा प्रोसेसर असलेल्या यंत्रांत या रांगांमधील नोंदी ठेवण्यासाठीच कित्येक गिगाबाइट अडकतात. रांगांतल्या वस्तू त्यात धरलेल्याच नाहीत. स्वतःही ज्या व्यवस्थेच्या घडणीत सहभागी होते, तिचा हिशेब त्यांनी असा उघड केला.

१७/२०
त्यांनी सुचवलेली ‘स्लब’ व्यवस्था जुलै २००७ मध्ये लिनक्स २.६.२२ मध्ये आली. तिने रांगाच काढून टाकल्या. प्रत्येक प्रोसेसरला एक चालू फळी द्यायची आणि मोकळ्या तुकड्यांची साखळी त्या तुकड्यांच्याच रिकाम्या पोटात लिहायची, म्हणजे वेगळी वही लागत नाही. सारख्या मापाचे प्रकार एकत्र करून फळ्यांची संख्याही घटवली. तरीही हा विजय निर्विवाद नव्हता. काही कामांत जुनी स्लॅबच अधिक वेगवान ठरे, कारण साठा कमी केला की सामाईक कुलपाकडच्या फेऱ्या वाढतात. त्यामुळे दोन्ही व्यवस्था पुढे अनेक वर्षे एकाच घरात नांदल्या, आणि काही वर्षांनी स्लबनेही प्रोसेसरागणिक अर्धवट भरलेल्या फळ्या बाळगायला सुरुवात केली.

१८/२०
याला समांतर दुसरी एक गळती होती. मोजदादीचे आकडे किंवा सांख्यिकी यांसाठी कर्नल एकाच चलाची प्रत्येक प्रोसेसरला वेगळी प्रत देतो. पूर्वीच्या पद्धतीत जास्तीत जास्त जितके प्रोसेसर असू शकतील तितक्या पत्त्यांचा तक्ता आणि प्रत्येक प्रतीसाठी वेगळे वाटप होई. कर्नल ४,०९६ प्रोसेसरांसाठी बांधला की हे तक्ते लहान यंत्रातही जागा खाऊ लागले. २००८ च्या सुमारास ते आटोक्यात आणण्याची मोठी मोहीम झाली. २००९ मध्ये तेजुन हिओ यांनी नवी रचना आणली. प्रत्येक प्रोसेसरला सारख्याच आखणीचा एक पट्टा द्यायचा, आणि अमुक चल पट्ट्याच्या आरंभापासून किती अंतरावर आहे एवढेच लक्षात ठेवायचे. पत्त्यांचा तक्ता गेला, लहान प्रती शेजारीशेजारी बसू लागल्या.

१९/२०
हा हिशेब शेवटी कोणाच्या माथी पडतो? चांदिवलीत किंवा खाडीपलीकडे ऐरोली-महापे पट्ट्यात उभ्या असलेल्या डेटा सेंटरांत एकेका यंत्रावर शंभराहून अधिक प्रोसेसर आणि अनेक भाडेकरूंचे कंटेनर असू शकतात. प्रत्येक कंटेनरसाठी कर्नल प्रोसेसरागणिक प्रती ठेवतो, आणि ती मेमरी बराच काळ कोणाच्याच खात्यावर पडत नव्हती. २०२० मध्ये लिनक्स ५.९ पासून ती त्या त्या कंटेनरच्या नावे मांडण्याची सोय झाली. दुसऱ्या टोकाला १ गिगाबाइट किंवा त्याहून कमी मेमरीचे स्वस्त फोन आहेत. त्यांच्यासाठी २०१७ मध्ये अँड्रॉइडची ‘गो’ आवृत्ती जाहीर झाली. त्याच कर्नलवर चालणाऱ्या या फोनमध्ये वाया गेलेले थोडके मेगाबाइटही अ‍ॅप मध्येच बंद पडायला कारण होऊ शकतात.

२०/२०
मार्च २०२४ मध्ये लिनक्स ६.८ मधून जुनी स्लॅब व्यवस्था काढून टाकण्यात आली. पुण्याच्या कंपनीचा उल्लेख असलेला तो शिरोभाग चालू कर्नलमधून निघून इतिहासजमा झाला. पण तिच्यातला विचार फार दिवस बाहेर राहिला नाही. २०२५ मध्ये स्लबमध्येच प्रोसेसरागणिक साठे परतले. इंग्रजीतील त्यांच्या नावाचा अर्थ ‘पेंढ्या’ असा होतो, आणि प्रत्येक नोडवर त्या रचून ठेवण्याच्या जागेचे नाव ‘कोठार’. यावेळी पेंढी केवढी असावी हे वस्तूच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळे ठरवता येते. गरज नाही तेथे ती बांधायचीही नाही. साठ वर्षांत रांग किंवा साठा यांपैकी एकही कायमचा नाहीसा करता आलेला नाही. प्रत्येक पिढीने आपल्या काळच्या यंत्राकडे पाहून त्यांचे प्रमाण नव्याने ठरवले, आणि ते ठरवण्यासाठी आधी पडून असलेल्या मेमरीची मोजणी करावी लागली.